शेजारचा बाक

मानसिक आरोग्याचा कायदा झाला आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातही दर गुरुवारी मनाच्या आजारांचे डॉक्टर येऊ लागले. नाहीतर जिल्ह्याला जाण्यात सगळा दिवस मोडायचा. मी शाळेत शिकवत असताना अशा सोयी गावाजवळ हव्यात, असं भाषणांतून किती वेळा सांगितलं होतं.

परवा धाकट्या भावाला, विजयला, घेऊन गेले. त्याला त्या डॉक्टरांच्या दाराशी बसवलं आणि मी पलीकडे, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसले. तेवढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई आली.

“बाई, तुम्ही इकडं कुठं?”

“डोळे दाखवायला,” मी म्हणाले.

विजयने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या बाई त्याच्याच शेजारी बसल्या. “आमच्या ह्यांना आत घेतलंय,” त्या त्याला सहज सांगू लागल्या. “दोन महिने झोपच नव्हती. आता गोळ्यांनी बरं वाटतंय. तुमच्याबरोबर कोण आलंय?”

“एकटाच आलोय,” तो म्हणाला.

मी त्याला लपवलं होतं, आणि तो मला सांभाळून घेत होता. मला बसवेना. मी उठून त्याच्यापाशी गेले.

“हा माझा भाऊ,” मी म्हणाले. पण इतकं हळू, की त्यांना ऐकूच गेलं नाही.

“काय म्हणालात बाई?”

मला पुन्हा सांगावं लागलं. सांगितलं, पण विजयकडे पाहायचं धाडस तेव्हाही झालं नाही.