खालच्या बाणाचं बटण

पडद्यांच्या दुकानात तिच्या हाताला नाव होतं. पडदा छतापासून जमिनीपर्यंतचा असला तरी त्याची कड कुठे वाकडी जायची नाही. मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची, "हिला टेप लागत नाही, हिचे डोळेच टेप." लकव्यानं नवऱ्याचा डावा हात गेला आणि पायही ओढू लागला, तेव्हा तिनं ते काम सोडलं. आता मालकिणीचा निरोप आला होता: सोमवारी दुपारी ये, नाहीतर मी दुसरी बाई बघते.

नवरा लॉरी चालवायचा. आयुष्यभर घरात पाहुण्यासारखा आलेला माणूस आता घरातून हलत नव्हता. काठी टेकत बाथरूमपर्यंत जायचा, काठी टेकत परत यायचा. दुपार झाली की भिंती अंगावर यायच्या आणि तो तिच्यावर खेकसत सुटायचा. मग लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर धाडला, त्यात लॉरी चालवायचा गेम आणि सोबत एक जॉयस्टिक. स्क्रीनवर रस्ता उलगडला आणि तो गप्प झाला.

त्या गप्प होण्यात तिचं बोट अडकलं. उजव्या हातात जॉयस्टिकचा दांडा, ब्रेक मात्र कीबोर्डवर, खालच्या बाणाच्या बटणावर. तिथं ठेवायला त्याच्याकडे दुसरा हात नव्हता. म्हणून ती रोज त्याच्या डावीकडे स्टुलावर बसायची. "दाब" म्हटलं की दाबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं.

"क्लीनर झोपला वाटतं!" तो ओरडायचा.

"क्लीनरला भांडीही घासायची असतात, ड्रायव्हरसाहेब."

सोमवारी सकाळी तिनं लेकीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "ब्रेक त्या दांड्यावर घेता येतो का गं?"

"येतो की. सेटिंग उघड. ब्रेकच्या ओळीवर क्लिक कर आणि बाबांना अंगठ्याखालचं बटण दाबू दे. झालं."

खरंच झालं. एवढंच होतं तर इतके महिने, असं तिच्या मनात आलं.

"आणि लॉरी सारखी डावीकडे ओढते, ते?"

"आई, पहिल्यांदा जोडताना दांडा मोकळा सोडला होता ना? हात काढल्यावर तो जिथं थांबतो, तोच त्याचा मध्य. बाबांनी धरून ठेवला असणार. आता दांडा मोकळा सोडून पुन्हा मध्य घे, एक क्लिक."

"ड्रायव्हर स्टिअरिंग सोडत नसतो," तो म्हणाला.

"बाबा, गाडी उभी आहे."

"उभी असली तरी."

"हात सोडा," ती स्टुलावरून म्हणाली.

आजारपणापासून त्याचा तो एक हात सतत काहीतरी धरून असायचा: दांडा, पलंगाची कड, झोपेत तिचं मनगट. त्यानं एकेक बोट उचललं. दांडा थरथरला आणि आपोआप मध्यावर येऊन उभा राहिला. हात मांडीवर पडून राहिला, काय करावं हे न कळल्यासारखा. तिनं क्लिक केलं.

नंतर लॉरी नाकासमोर चालू लागली. डोंगरातली वळणं त्यानं एकट्यानं घेतली, अंगठ्यानं ब्रेक लावत.

"आता आईला सुट्टी!" लेक फोनवर हसली. तो हसला नाही.

दुपारी तिनं केस विंचरले, पर्स खांद्याला लावली. "येते मी. संध्याकाळी परत."

"हं."

जिन्याच्या वळणावर तिचा पाय अडखळला. हात रिकामे होते. असंच चालत राहिलं तर, एवढंच मनात आलं. वाक्य पुरंही झालं नाही.

"अगं! ब्रेक लागत नाहीये!"

ती धावत वर गेली. लॉरी उतारावरून सुटली होती, पुढे वळणावर दगडी कठडा. तिचं बोट आपसूक खालच्या बाणावर गेलं. लॉरी थांबली.

मग तिच्या ध्यानात आलं. सकाळपासून हे बटण ब्रेकचं राहिलं नव्हतं.

"तुम्ही परत इथं आणलात ब्रेक?"

तो स्क्रीनकडेच बघत होता. "बोट उचलू नकोस. उतार आहे."

तिनं अंगठ्यानं कीबोर्डवरची खालची लांब पट्टी दाबली: हँडब्रेक. उतारावर गाडी सोडून जाताना काय करतात, हे त्यानंच तिला सांगितलं होतं. बोट उचललं तरी लॉरी हलली नाही. तेव्हा त्यानं दांडा सोडला आणि तिचं मनगट धरलं.

"हात सोडा. सकाळी सोडलात ना? दांडा आपला आपण मध्यावर आला."

"दांडा येतो," तो म्हणाला. "तू नाही आलीस तर?"

येईन म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण मधे ते जिन्यातलं अर्धं वाक्य होतं. कापड न फाटता शिवण उसवावी तशी तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, ब्रेक पुन्हा दांड्यावर घेतला, त्याचा अंगठा बटणावर ठेवला आणि खाली उतरली.

दुकानात मालकिणीनं तिला जुनंच मशीन दिलं. कड सरळ जात होती. रस्त्यावरच्या चढावर कुठलीशी लॉरी करकचून थांबली, आणि तिचं तेच बोट टेबलाच्या लाकडावर दाबलं गेलं.

"काय आहे गं तिथं?" मालकिणीनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. बोट मात्र उचललं नाही. सोड म्हणणारं जवळ कुणी नव्हतं.