दोनदा ‘नाही’ म्हणाले

बिडी ओढणारी बाई वाया गेलेली आणि मिश्री लावणारी बाई घरंदाज, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे ते आपोआप कळतं. बिडीचा धूर चारचौघांत दिसतो. मिश्री म्हणजे दात घासणं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना अख्खी गल्ली खोकते, पण त्यावरून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. मी नववीत असताना दाढ ठणकायला लागली, तेव्हा आईनेच तिच्या डबीतली चिमूटभर काढून बोटावर दिली. दाढ आठ दिवसांत ठणकायची राहिली. मिश्री मात्र सुटली नाही.

लग्न होऊन बोरीजवळच्या गावात आले, तेव्हा मला एकच फिकर होती, सासरी डबी लपवायची कुठे. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या दारात बसून मिश्री लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःची डबी पुढे सरकवली. तोंडात बोट होतं, त्यामुळे बोलल्या काहीच नाहीत. त्या दिवसापासून सकाळचा तो अर्धा तास आमचा झाला. आत्याबाई तिथे बसून आपल्या जावांची नक्कल करायच्या, मी हसून हसून थुंकायला उठायचे. तेवढ्या वेळात मला कुणी काम सांगत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी मला विचारलं की एवढीशी गोष्ट सोडता येत नव्हती का. नव्हती येत. त्यात नुसती तंबाखू नव्हती.

चौथ्या वर्षी दिवस राहिले. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता आणि मिश्री लावली की मळमळ थांबायची. आत्याबाई खूश होत्या, पण वेगळ्याच कारणाने. त्यांचं पहिलं बाळंतपण घरात झालं होतं. मूल मोठं होतं, ते अडकलं. दोन दिवस त्या तळमळत होत्या, आणि शेवटी आलं ते रडलंच नाही. मागच्या दारात बसून त्या दोन्ही हात फाकवून मला दाखवायच्या, एवढं होतं म्हणून. गोरंपान, केस कपाळावर आलेले. त्यांना सहा लेकरं झाली त्यानंतर, पण गोष्ट त्या एकाचीच सांगायच्या. त्यामुळे माझ्या पोटातलं लेकरू लहान राहिलं पाहिजे, हे त्यांनी तिसऱ्याच महिन्यात ठरवून टाकलं. रात्रीची एक भाकरी कमी झाली आणि मिश्री सकाळ-संध्याकाळ अशी दोन वेळा झाली.

“मिश्रीनं लेकरू आटोपशीर ऱ्हातं, माय,” त्या म्हणायच्या. “बाई लवकर सुटती.”

गल्लीतल्या बायकांनी माना हलवल्या. त्यांचंही तसंच झालं होतं म्हणे. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या महिन्यात आत्याबाईंसोबत तपासणीला बोरीच्या दवाखान्यात गेलो. बाहेर लिंबाच्या झाडाखाली बायकांची रांग होती. रांगेत माझ्या पुढे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातली एक बाई होती, आमच्या शिवाराच्या माळावर त्यांचा मुक्काम होता. सातवा महिना असावा. नंबर येईना, तशी तिने कनवटीतून बिडी काढून पेटवली. सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. समोरच्या ओट्यावर एक म्हातारबा बसले होते, त्यांच्या स्वतःच्या कानावर बिडी खोचलेली होती. बाईमाणसाला शोभतं का हे, असं तेच आधी म्हणाले. मग बायका सुरू झाल्या. एकीने पोराला ओढून लांब नेलं. पोटात देव वाढतोय आणि तोंडात विस्तव, असं कुणीतरी म्हणालं. मीही गप्प बसले नाही. लेकराचा तरी विचार कर बाई, असं मी तिला म्हणाले.

सकाळच्या मिश्रीने माझ्या हिरड्या अजून चुरचुरत होत्या. डबी कमरेला होती. आणि मला तिळमात्र लाज वाटली नाही, हे आता आठवलं की घाबरायला होतं. त्या बाईने माझ्याकडे नीट बघितलं, बिडी विझवली आणि उरलेलं थोटूक पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

तिचा नंबर माझ्या आधी लागला. आत जाणाऱ्या दाराला नुसता पडदा होता. आत्याबाई नळावर बाटली भरायला गेल्या होत्या आणि मी पडद्याला टेकून उभी होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, तंबाखू, बिडी, काही घेता का? ती सरळ म्हणाली, बिडी ओढते, दिवसाला चार-पाच होतात. आता तिला चांगलं झापतील म्हणून मी कान टवकारले. मला ते ऐकायचंच होतं. पण डॉक्टरबाई रागावल्या नाहीत.

“बिडी असो, तंबाखू असो, नाहीतर मिश्री,” त्या सावकाश म्हणाल्या, “रक्तात गेल्यावर सगळं एकच. नाळेतून बाळाला जे पोचायचं ते कमी पोचतं. बाळ वाढत नाही. कधीकधी पोटातच संपतं.”

माझा हात पोटावर गेला. मिश्री हा शब्द त्यांनी बिडीच्या शेजारी ठेवला होता, एकाच ओळीत. तेवढ्यात आत्याबाई बाटली घेऊन आल्या आणि आमचं नाव पुकारलं. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी मलाही तोच प्रश्न विचारला. आत्याबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. बाहेर त्या सगळ्या बायका होत्या, आणि पडद्यातून किती ऐकू येतं हे मला आत्ताच कळलं होतं.

मी नाही म्हणाले.

आत्याबाईंनीही मान हलवली, आमच्यात कुणालाच कसलं व्यसन नाही म्हणून. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं.

घरी आल्यापासून मला भीतीने धरलं. सहाव्या महिन्यात बाळ चांगलं फिरायला लागलं, आणि फिरायला लागल्यावर ते थांबण्याची भीती वाढली. भाकरी थापता थापता मी हात थांबवून वाट बघत बसायचे. हलल्याशिवाय पुढची भाकरी थापायची नाही. तव्यावरची करपायची आणि हे ओरडायचे. मिश्री बंद करायची, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी हात थरथरत होते आणि मी घरात सगळ्यांच्या अंगावर धावून जात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात बघितलं तर आत्याबाई एकट्याच बसलेल्या. माझी जागा त्यांनी पदराने झाडून ठेवली होती.

“माझं काई चुकलं का, माय?” त्यांनी विचारलं.

मी जाऊन बसले. काय सांगणार होते त्यांना? की तुम्ही मायेने देताय ते विष आहे म्हणून? मग मी एक शक्कल केली. डबीत गोवऱ्यांची राखुंडी भरली. दिसायला काळी ती काळीच. चार दिवस मी राखुंडीने दात घासले आणि आत्याबाईंसोबत हसत बसले. पाचव्या दिवशी त्यांच्या डबीतून चिमूटभर उचलली. मग रोज एवढीशीच, नखावर मावेल इतकी. मग ते एवढंसं वाढत गेलं. लावली की नाळ डोळ्यांपुढे यायची, नाही लावली की डोकं फिरायचं. मला वाटायचं, मीच माझ्या हाताने आतला दिवा बारीक करतेय. ह्यांना सांगावं म्हणून दोन-तीनदा तोंड उघडलं, पण त्यांच्याच आईचं नाव कसं घ्यायचं म्हणून मिटलं.

आठव्या महिन्यात पुन्हा बोरीला गेलो. डॉक्टरबाईंनी पोटावर टेप लावली. कार्डावर बघितलं आणि पुन्हा टेप लावली. मग म्हणाल्या की महिन्यांच्या मानाने बाळ लहान आहे.

आत्याबाई हसल्या. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं असावं असं ते हसणं होतं. माझा खांदा दाबून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जिंकल्यासारख्या. माझ्यावर इतकी माया करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही. डॉक्टरबाईंनाही ते हसणं दिसलं. त्या गोंधळल्या. मला त्यांनी पुन्हा विचारलं, तंबाखू-मिश्री काही नाही ना?

मी दुसऱ्यांदा नाही म्हणाले. त्यांनी परभणीला सोनोग्राफी करून घ्यायला चिठ्ठी दिली, आठ दिवसांच्या आत.

चौथ्या दिवशीची दुपार. कापूस वेचणीचे दिवस होते, घरात मी एकटीच होते. ताट वाढून घेतलं आणि पहिला घास मोडताना लक्षात आलं की सकाळपासून बाळ हललेलं नाही. मी गुळाचा खडा खाल्ला. डाव्या कुशीवर झोपले. पोट दाबून बघितलं, बोटाने टिचक्या मारल्या, त्याच्याशी बोलले. शेजारची पिठाची गिरणी चालू होती, तिच्या आवाजाने मला नीट कळत नाहीये असं मला वाटलं, म्हणून ती बंद पडायची वाट बघत बसले. गिरणी बंद झाली. पोट तसंच. नुसतं जड. मी ह्यांना फोन लावला आणि ‘लवकर या’ एवढंच म्हणाले. हे नुसतेच ‘काय झालं, काय झालं’ विचारत राहिले.

शेतातून आत्याबाई धावत आल्या, केसांत कापूस अडकलेला. शेजाऱ्यांच्या जीपने परभणीला निघालो. सगळ्या रस्त्याने त्या पोखर्णीच्या नरसिंहाला साकडं घालत होत्या आणि माझ्या पोटावरचा हात काढत नव्हत्या. मी मनातल्या मनात फक्त दोनच शब्द म्हणत होते, हल ना, हल ना.

दवाखान्यात पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. नर्सने ते सरकवलं, पुन्हा खरखर. मग खोलवरून ठोके ऐकू आले, मंद, मध्येच अडखळणारे. तिथल्या तरुण डॉक्टरबाई भराभरा विचारत होत्या. साखर? बीपी? पडलात का? तंबाखू?

“मिश्री,” मी म्हणाले. “रोज दोनदा. पहिल्यापासून.”

आत्याबाई पुढे आल्या.

“तिला काई बोलू नका,” त्या म्हणाल्या. “म्याच लावायला सांगितली. लेकरू लहान ऱ्हावं म्हून.”

लहान कशाला, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. आत्याबाईंनी तिथे, त्या खोलीत, दोन्ही हात फाकवले आणि आपलं पहिलं लेकरू किती मोठं होतं ते दाखवलं. डॉक्टरबाई त्या हातांकडे बघत राहिल्या आणि मग ऑपरेशनची तयारी करायला सांगून बाहेर गेल्या.

मुलगी झाली. ती जगली, हे इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगून ठेवायचा नाही. आज ती दुसरीत आहे, भांडकुदळ आहे, वर्गात सगळ्यांत बुटकी आहे. थंडीत तिची छाती भरते तेव्हा मी तिच्या पाठीला कान लावून बसते. पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. ती काचेच्या पेटीत होती आणि तिच्या मांडीएवढं माझं बोट होतं. तिसऱ्या दिवशी मला भिंतीला धरून तिथपर्यंत जाऊ दिलं, तेव्हा आत्याबाई आधीच काचेपाशी उभ्या होत्या. मी आल्याचं त्यांना कळलं, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

“एवढं लहान न्हवतं मागितलं म्या,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी चाळीस वर्षांची मिश्री त्याच दिवशी सोडली. मला आणखी सात महिने लागले. आता गल्लीत कुणाला दिवस गेले की आत्याबाई तिच्या दारात जाऊन बसतात आणि सांगतात, मिश्री लावू नको, म्या माझ्या नातीला मारत होते. बायका मान हलवतात, आणि त्या उठून गेल्यावर म्हणतात की मिश्रीनं काय होतंय, आमची झालीच की. आत्याबाई तरी जातात. सगळा दोष एकट्या आपल्या अंगावर घेऊन चारचौघींत सांगतात, आणि मी शेजारी त्यांच्या त्याच नातीला मांडीवर घेऊन बसलेली असते.

त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तीन महिने आधीपासून. पडद्याआड मी काय ऐकलं होतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.