जिन्यावरची दोन बटणं

दोन हजार पंचवीस साल. मला पंचाहत्तरावं लागलेलं. उंब्रजहून भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." सकाळी चहा घेतला, दारात बसली आणि बसल्या जागीच... आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. माझा हट्टही तिनंच पोसला म्हणा.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढं साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली तारा वाहिल्या, तेवढ्यावर विजेतलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं. भाच्यानं माडी चढवली तेव्हा मी म्हणालो, "मामा जिता असताना परका माणूस कशाला?" सगळं वायरिंग मीच केलं. जिन्याला खाली एक बटण, वर एक. दिवा लागला तशी आक्कानं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

पण वरचं बटण कुणी बंद केलं की खालचं कितीही दाबा, अंधारच. समोर रहीमभाईंचं फरशीचं दुकान. ते एकदा जेवायला होते. म्हणाले, "दिनकरराव, लय शाना जिना हाय तुमचा. दोघांची सही घेतल्याबिगर उजेड देत न्हाई!" पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो. त्या वर्षी भाऊबीजेलासुद्धा उंब्रजला गेलो नाही. शेवटी आक्काच तबक घेऊन कराडला माझ्या घरी आली, मला ओवाळायला. जिन्याचा विषय तिनं काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही...

दहावं झालं त्या संध्याकाळी तिची गोधडी आणायला वर निघालो. खालचं बटण दाबलं. अंधार. "थांबा मामा, वरचं बंद हाय," म्हणत भाचेसून वंदना भिंत चाचपत वर चढायला लागली, अगदी सवयीनं.

"रोज असंच चढता व्हय गं?"

ती मधल्याच पायरीवर थांबली. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या तर कायम अशाच चढायच्या. गुडघं धरल्यालं असलं तरी. मागं वायरमन आलावता, लगीच करून देतो म्हणाला. त्यांनी वाटंला लावला त्याला. म्हणाल्या, दिनूला कळलं तर परत उंबरा चढायचा न्हाई त्यो. भाऊ पायजे का दिवा?"

मी पायरीवरच बसलो. चुकलं काय, तेही पोरीलाच विचारलं. "त्यो वायरमन सांगत व्हता, एकाच तारंवर दोन बटणं एकामागं एक घातलीसा, मामा. एकानं तार तोडली की दुसरं काय करणार? मधी दोन तारा लागत्यात. तसली बटणं येगळी असत्यात, ती ह्या तारंवरनं त्या तारंवर टाकत्यात. दोन्ही बटणं एकाच तारंवर आली की दिवा लागतो."

एवढंच होतं. कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारायचं कसं, मी दिनकरराव ना! तिनं वर जाऊन दिवा लावला तेव्हा मला जिन्याची भिंत दिसली. हाताच्या उंचीवर खालपासून वरपर्यंत तेलकट, काळपट पट्टा. आक्काचा तळवा... भेटायला येणारी माणसं म्हणत होती, आक्काचा तुमच्यावर लय जीव होता. मला मान वर करवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहीमभाईंच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत म्हणालो, "भाई, जिन्याचं वायरिंग मीच चुकवलंय. वायरमन बोलवा." त्यांनी हसावं असं वाटत होतं. ते हसले नाहीत. "आक्कांनी शपथ घातलीवती मला," म्हणाले, "तुमच्याम्होरं जिन्याचं नाव काढू नगा म्हणून."

वायरमन आला. भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, नवी तार घालाय हितनं भिंत फोडाय लागंल. मग रंग मारून घ्या, लय मळलीया."

मी म्हणालो, "तार वरच्या अंगानं प्लास्टिकच्या पट्टीतनं ने बाबा. तेवढी भिंत ऱ्हाऊ दे." आणि त्याची शिडी धरून उभा राहिलो.