बावीस पायऱ्यांचा थांबा

व्लास्ताबाईंना एक थांबा आधीच उतरवणारा गाढव म्हणजे प्रस्तुत लेखक. गावाकडून ब्रनोला येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. शेजारीण चाकांच्या खुर्चीत डुलकी घेतेय, तिला इस्पितळात जायचंय, एवढंच त्याला ठाऊक. थांबा आलाच असं समजून त्यानं खुर्चीवाल्यांसाठीचं निळं बटण दाबलं. चालक दाराशी फळी उलगडून उभा राहिला. बाई दचकून जाग्या झाल्या आणि त्यांनी बॅटरीची खुर्ची सरळ खाली घातली. एकतीस वर्षं शालिना, म्हणजे आमची ट्राम, चालवलेली बाई. आपल्यापायी गाडी खोळंबलेली त्यांना खपत नसे.

गाडी गेल्यावर त्यांनी पाटी वाचली. "शाबास! इथून बाहेर पडायला भुयार आहे. मोजून बावीस पायऱ्या."

"मग पुढची गाडी..."

"पुढची खालच्या तळाची पाहिजे, बिनपायऱ्यांची, राजा."

वेळापत्रकात अशा गाडीपुढे खुर्चीचं चित्र असतं. पुढचं चित्र तीन अडतीसला. चारला वॉर्ड भेटायला बंद. आणि त्यांचे यजमान ओल्डा, शस्त्रक्रियेनंतर बायकोच्या हातच्या लसणाच्या सुपाखेरीज काही तोंडात घेत नव्हते. मांडीवरची बरणी बाईंनी शालीत गुंडाळली. दोन्हीकडून मोटारी, मध्ये फलाटाची चिंचोळी पट्टी. तीन जुन्या उंच गाड्या आल्या, पायऱ्या दाखवून गेल्या.

तीन अडतीसला आली तीही उंचच. खिडकीतून यार्मिला डोकावली; तिला गाडी व्लास्ताबाईंनीच शिकवली होती.

"बाई! तुमची गाडी बंद पडलीय, तिच्या बदली ही आली. पुढची चार वाजून पाचला."

"चौघं मिळून उचला की मला!"

"बंदी आहे, बाई. तुम्हीच शिकवलंत ना? 'कुणी पडलं तर मान तुझी जाईल,' म्हणायचात. आणि घंटा वाजवून निघायचात."

"निघायचे खरं," बाई म्हणाल्या. "आरशात बघायचेसुद्धा नाही."

मग बरणी प्रस्तुत लेखकाच्या छातीवर आदळली. "चढ. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. आणि पायरीवरून पडून दाखवू नकोस, आज तेवढं पुरे."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं पळून जाते? यार्मिला, बघत काय बसलीस? वाजव घंटा!"

ओल्डांनी सूप संपवलं, पण डोळे दाराकडे लावून. चार वाजून पाचच्या गाडीनं बाई इस्पितळाशी पोचल्या, तेव्हा वॉर्डाला कडी लागली होती.

बरणी अजून प्रस्तुत लेखकाकडेच आहे, घासूनपुसून ठेवलेली. परत द्यायची तर आधी माफी मागायला हवी. आणि ती माफी रोज जिन्यापर्यंत जाऊन, बाईंचं दार न ठोठावताच, परत येते.