हुळ्यापर्यंतची वाट

शेतातून भाजत्या हरभऱ्याचा, हुळ्याचा, वास आला की मला रिठदच्या कौसाकाकू आठवतात. त्यांचे पाय लुळे होते आणि मी त्यांच्या मदतीला नवीनच लागले होते. घरी आणलेला हुळा त्यांना नको होता. जाळाजवळ बसूनच खायचा होता. म्हणून मी त्यांना शेतात घेऊन निघाले. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडताच काळ्या ढेकळांत त्यांची चाकांची खुर्ची रुतली. मी ऐटीत पदर खोचला.

"थांबा काकू, तुमाले उचलूनच नेते!"

"मी काय कापसाचं बोचकं हाव? हात नको लावू!"

त्या खाली उतरल्या आणि हातांवर सरकत जाळापर्यंत पोचल्यासुद्धा. तिथून ओरडल्या, "पोरी, आता तू त्या खुर्चीले घेऊन ये!"

मी खुर्ची ओढत पोचले, तेव्हा काकूंचं तोंड काळंकुट्ट होतं आणि हुळा संपला होता.

आजही कोणाला उचलण्याआधी मी विचारते. हुळा मात्र न विचारता खाते.