बाहेर ठेवलेली टोकं

इंगोलश्टाटच्या कारखान्यात कामावर जाताना वाटेतल्या एका गावात ती मला रोज दिसायची. सत्तरी ओलांडलेली, पायात पुरुषी बूट, केसांत कायम लाकडाचा भुसा. तिचं मध्ययुगातलं लाकडी कोठार नव्या रस्त्याच्या आड येत होतं. रस्ता आमच्यासारख्या गाडीवाल्यांसाठीच होता. कोठार पाडा, असं तिला सांगण्यात आलं. तिने ते पाडलं नाही, उलगडलं. दोन सुतार आणि एक क्रेन घेऊन तिने खांब, तुळया सगळं सुटं केलं आणि शेजारच्या टेकाडावर तेच कोठार पुन्हा उभं केलं.

एका शनिवारी मी मुद्दाम गाडी थांबवून बघायला गेलो. सांध्यांत एकही खिळा नव्हता, नुसत्या ओकच्या खुंट्या. पण प्रत्येक खुंटीचं टोक बोटभर बाहेर आलेलं. कारखान्यात मिलिमीटरवरून भांडणारा माणूस मी, मला राहवेना.

"ही टोकं कापायची राहिलीत का?"

"खबरदार हात लावशील तर!" ती शिडीवरूनच ओरडली.

मग खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून नव्या डांबराकडे बघत म्हणाली, "त्यांना वाटलं, म्हातारी रडत बसेल."

"आणि उद्या त्यांनी इथूनही रस्ता काढला तर?"

तिने लाकडी हातोडा एका टोकावर अलगद टेकवला.

"इथं ठोकलं की खुंटी मागच्या बाजूने निघते. काढू देत त्यांना रस्ता."