आईने वाचलेला ओटीपी

भूत, भानामती ऐकलं की मला हसू येतं. सिन्नरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते. हिशेब जुळला नाही तर चूक शोधायची, अंगारा लावायचा नाही — असा माझा स्वभाव. म्हणूनच हे लिहायला वर्ष गेलं...

घरखर्चाची एक शीट केली होती. ऑफिसातल्या सचिनने एक अ‍ॅप दाखवलं — बँकेची खाती जोडा, व्यवहार आपोआप शीटमध्ये येतात. अ‍ॅप नेटबँकिंगचा पासवर्ड मागत होतं. दुसऱ्या कुणी दिला असता तर मी चार शब्द सुनावले असते, पण रोजच्या नोंदींचा कंटाळा आला होता. टाकला. खातं आईचं आणि माझं जॉइंट, त्यात तिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे. ओटीपी आईच्या फोनवर यायचा, आणि आई मखमलाबादला आमच्या फुलांच्या मळ्यात एकटी राहते.

दुपारी सव्वाबाराला फोन लावला. तिने उचलला. एरवी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवली का गं?" त्या दिवशी काहीच नाही. मी मेसेज वाचायला सांगितलं. तिने सहा आकडे सावकाश सांगितले, मी डायरीत लिहून अ‍ॅपमध्ये टाकले. चूक. पुन्हा मागवला, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा मी चिडून चष्मा लावायला सांगितलं. पलीकडे नुसता श्वास... मग सहा आकडे. तेही चूक, आणि नेटबँकिंग लॉक झालं. मी रागाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सचिन डोकं धरून बसला होता. त्याच अ‍ॅपमधून त्याचं खातं रिकामं झालं होतं. मी हाफ डे टाकून आईकडे गेले आणि म्हटलं, काल तू चुकीचं वाचलंस म्हणून वाचलो.

ती बघतच राहिली. "काल मी सकाळधरनं हरसूलला मावशीकडं व्हते. फोन इथंच चार्जिंगला राह्यला. घराला कुलूप, न् चावी माझ्या कमरेला."

मी तिचा फोन घेतला. माझा सव्वाबाराचा कॉल, उचललेला. बँकेचे तीन मेसेज, तिन्ही न उघडलेले. ते उघडून डायरीशी ताडून पाहिले. प्रत्येक वेळी पहिले पाच आकडे बरोबर होते. शेवटचा तेवढा एकाने जास्त.

पासवर्ड लगेच बदलला. आता स्टेटमेंट स्वतः डाउनलोड करून शीटमध्ये टाकते, पासवर्ड कुणालाही देत नाही. ती चूक कुणी केली, ते मात्र मला अजून सापडलेलं नाही. आभार मानावेसे वाटतात, पण भीतीही वाटते. आईला फोन लावला की मी आधी बोलत नाही. ती "जेवली का गं?" म्हणेपर्यंत थांबते.